भांडं कायदा निवडतो

घरी बिअर आंबवायची तर भांडं कुठलं घ्यावं? प्रश्न हौशी लोकांचा वाटतो. पण इतिहास बघितला तर माझं मत असं झालंय, की हे भांडं माणूस कमी आणि कायदा जास्त निवडतो.

अमेरिकेचं बघा. १९२० ते १९३३ तिथे दारूबंदी होती, पण माल्टचा घट्ट पाक दुकानात राजरोस मिळायचा. बिअर विकायची बंदी आलेली अनहायझर-बुशसारखी कंपनीसुद्धा तो विकायची. लोक त्यात पाणी, साखर, यीस्ट घालून चिनी मातीच्या मोठ्या बरणीत आंबवायचे. बरणी लोणच्यासाठी घरात असायचीच, तिच्यावर कोण संशय घेणार? वर नुसतं फडकं. हवा लागून बिअर आंबट व्हायची. आंबणं पुरतं थांबायच्या आत बाटलीत भरली, तर वायू साठून बाटल्या फुटायच्या.

१९३३ला बंदी उठली, पण घरच्या बिअरला केंद्रीय कायद्याची मोकळीक नव्हती. ती १९७८मध्ये जिमी कार्टर यांच्या सहीने मिळाली : दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर, तेही फक्त घरच्या वापरासाठी. राज्यांचे कायदे वेगळेच. अलाबामा आणि मिसिसिपीत परवानगी यायला २०१३ उजाडलं. ब्रिटनमध्ये १८८०पासून घरच्या बिअरलाही परवाना लागायचा, तो १९६३मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकला. मग बूट्ससारख्या औषधांच्या दुकानातही बिअरचं सामान मिळू लागलं.

मोकळीक आली आणि लोक उघडपणे भांड्यांची तुलना करू लागले. काचेच्या बुधल्यात सगळं दिसतं, ओरखडे पडत नाहीत; पण वीस लिटरचा ओला बुधला हातातून निसटला तर टाकेच पडायचे. खाद्यपदार्थांसाठीची प्लास्टिकची बादली हलकी, स्वस्त. मात्र तारेच्या घासणीने घासली की ओरखड्यांत जंतू घर करतात. स्टील टिकाऊ, पण महाग. झाकणाला पाण्याची नळी जोडली की वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. यात अगम्य काही नाही. कल्हई नसलेल्या पितळेत ताक कळकतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच की!

आता आपल्याकडे या. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे. तो मोडा असं मी म्हणत नाही. पण पेपरात 'इतके लिटर रसायन नष्ट' ही बातमी येते, तेव्हा फोटोतले प्लास्टिकचे ड्रम नीट बघा. त्यात आधी काय भरलेलं होतं? ॲसिड, रंग, की आणखी काही? आंबणारा रस आम्लधर्मी असतो, भांड्यातलं तो स्वतःत ओढून घेतो. विषारी दारूचे मोठे बळी मिथेनॉलने जातात, ते प्रकरण वेगळं. पण ड्रमातून रोज थोडंथोडं पोटात जाणाऱ्याची नोंद कुठे होते?

चोरून करणारा माणूस चांगलं भांडं शोधत नाही, लपवता येईल असं शोधतो. पिणारा तर भांडं बघूच शकत नाही. आपल्या दारूधोरणावर चर्चा होते ती महसुलाची आणि नीतीची. या ड्रमाची कधी होणार?