कोड आला, कारण राहिलं
तारीख ४ जून १९९६. फ्रेंच गयानामधल्या कुरू तळावरून युरोपचं नवंकोरं एरियान-५ रॉकेट उडालं आणि साधारण ४० सेकंदांत फुटलं. का?

दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेत जुन्या एरियान-४ चाच कोड होता. त्यात आडव्या वेगाशी जोडलेला ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत बसवला जायचा. जुन्या रॉकेटवर तो मावायचाच, म्हणून तिथे संरक्षण ठेवलं नव्हतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग सुरुवातीलाच कितीतरी जास्त. आकडा मावला नाही. राखीव आणि मुख्य, दोन्ही संगणक बंद पडले.

संरक्षण का ठेवलं नाही, याचं कारण चौकशी समितीला कोडमध्ये कुठेच सापडलं नाही. कोड पुढे गेला, त्यामागचा विचार मागेच राहिला. म्हणून दोस्तांनो, कोड लिहिताना 'का' तेवढं लिहून ठेवा!