दवाखान्याच्या नोंदवहीबाहेरील वृद्धा

निर्धन वृद्ध स्त्रिया वैद्यकीय साहाय्य कमी घेतात, याचे कारण बहुधा त्यांच्या अज्ञानात अथवा रूढिप्रियतेत शोधले जाते. भारतातील सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा इतिहास पाहिला असता हे कारण अपुरे ठरते. ही व्यवस्था स्त्रीला प्रामुख्याने माता म्हणून ओळखत आली. मातृत्वाचे वय ओलांडलेली स्त्री तिच्या कक्षेबाहेर राहिली.

या दृष्टीचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडतो. १८८५ साली लेडी डफरिन यांनी हिंदी स्त्रियांना स्त्रीवैद्यांची मदत मिळावी म्हणून निधी स्थापिला. पुढल्याच वर्षी मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय सुरू झाले. पडद्याआडील स्त्रीपर्यंत वैद्यक पोहोचविण्याचे हे कार्य मोलाचे होते; तथापि सुईणींचे शिक्षण व सुरक्षित प्रसूती हे विषयच त्यात अग्रस्थानी राहिले. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानेही माता व बालक यांनाच अग्रक्रम दिला. त्याला सबळ आधार होता. अहवालात नोंदलेले सरासरी आयुर्मान २७ वर्षांहूनही कमी होते. १९५२ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रे व कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा हाच क्रम कायम राहिला.

पुढे परिस्थिती पालटली. दृष्टी मात्र सावकाश पालटली. २०११ च्या जनगणनेत साठीपलीकडील स्त्रिया सुमारे ५.३ कोटी, म्हणजे त्याच वयाच्या पुरुषांहून अधिक होत्या. तरीही २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत एका कुटुंबातील पाचच व्यक्तींना स्थान होते. कुटुंबप्रमुख, त्याची पत्नी व तीन अवलंबित अशी गणना झाल्यावर विधवा आईला मुलांच्या बरोबरीने जागा मागावी लागे. २०१८ च्या योजनेत ही मर्यादा गेली, आणि २०२४ मध्ये सत्तरीपुढील सर्वांना संरक्षण मिळाले. परंतु हे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी यांसाठी महिन्यामागून महिना घ्यावयाच्या औषधांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

मोतीबिंदूचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी डॉ. गो. व्यंकटस्वामी यांनी मदुराईत अवघ्या ११ खाटांचे नेत्ररुग्णालय काढले. केवळ शस्त्रक्रिया विनामूल्य करून भागत नाही, हे तेथील कार्यातून स्पष्ट झाले. प्रवासाची व जेवणाची सोय झाली, तेव्हा शस्त्रक्रियेस संमती देणारे वाढले. वृद्धेपुढील अडचण येथे उघड होते. तिच्या हाती स्वतःचा पैसा नसतो. सोबत जाणाऱ्या मुलाची मजुरी बुडते. दुखणे सांगितले तर ‘वय झाले’ हे उत्तर तयार असते. ते उत्तर ती पुढे स्वतःही मानू लागते.

सबब नोंदवहीतील अल्प संख्येवरून अल्प गरजेचे अनुमान काढणे सदोष होय. नोंदवही आलेल्यांची मोजदाद करते. न आलेल्यांविषयी ती मूक असते. आणि या मौनाच्या आधारे पुढील तरतूद ठरू लागली, म्हणजे कालची उपेक्षा हाच उद्याच्या उपेक्षेचा पुरावा बनतो. आरोग्यसेवेच्या इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणूनच त्या यादीत कोणाचे नाव नाही, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा.