चारकोपचे अंगण आणि सोसायटीचे इतिवृत्त

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत, कांदिवली पश्चिमेस खाडीकडे उतरत जाणाऱ्या जमिनीवर, जुन्या चारकोप गावाला लागून सेक्टरांची जी वसाहत उभी राहिली, तिचा आराखडा १९८५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून आला. म्हाडाने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने, राबवलेल्या या योजनेत शासनाने तयार घरे न देता रस्ते, पाणी आणि मलनिस्सारणाची सोय असलेले लहान भूखंड दिले आणि घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवत न्यावे असे ठरवले. मोठ्या भूखंडांच्या विक्रीतून मिळणारा पैसा लहान भूखंडांची किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी वापरायचा होता. सुमारे ३५ भूखंड एका सामाईक अंगणाभोवती मांडून त्यांची एक सहकारी गृहनिर्माण संस्था करण्याच्या पद्धतीमुळे, घर बांधण्याइतकेच शेजाऱ्यांचे पुढारपण करणे हेही चारकोपच्या रहिवाशांच्या वाट्याला आले.

या पुढारपणाची परंपरा चारकोपपेक्षा बरीच जुनी आहे. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवी येथे स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही सहकारी गृहनिर्माणाच्या चळवळीची आरंभीची संस्था मानली जाते. तिचे सभासद एकाच ज्ञातीतले असल्यामुळे नातीगोती, ओळखी आणि लौकिक यांतून आलेला विश्वास तेथे आधीपासून हजर होता. चारकोपमध्ये मात्र भूखंडाच्या वाटपाने शेजारी आलेल्या कुटुंबांत अशी पूर्वओळख गृहीत धरता येत नव्हती. ज्याच्या हाती मेंटेनन्सचे पैसे द्यायचे त्या खजिनदाराचे घराणे ठाऊक नसताना त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा, या प्रश्नाचे उत्तर नात्याऐवजी कागदाला द्यावे लागले.

हा कागद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याने पुरवला. त्यातील कलम ७२ संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे, म्हणजे सर्व सभासदांच्या एकत्रित बैठकीकडे सोपवते, तर कलम ८१ लेखापरीक्षण बंधनकारक करते. व्यवस्थापक समितीच्या सभासदांकडून पूर्वी घेतले जाणारे ‘एम-२०’ बंधपत्र हे याच विचाराचे टोक होते. त्यात प्रत्येकाने कारभारातील निर्णयांची जबाबदारी वैयक्तिक आणि सामूहिक अशा दोन्ही अंगांनी स्वीकारलेली असे, त्यामुळे ‘तो निर्णय सेक्रेटरीचा होता’ असे म्हणून इतरांना सहज अंग काढून घेता येत नसे. लेखापरीक्षकाने दाखवलेल्या उणिवा कशा दूर केल्या हे सांगणारा ‘दोषदुरुस्ती अहवाल’ समितीला ठरलेल्या ‘ओ’ नमुन्यात भरून द्यावा लागतो. स्वतःची चूक ओळखणे हा एरवी मनाचा गुण समजला जातो, पण येथे कायद्याने त्यासाठी रकाने आखून दिले आहेत.

सोसायटीच्या सभेच्या विषयपत्रिकेवर परंपरेने पहिला येणारा विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा असतो, आणि तो उपचार वाटला तरी पुढारपणाची खरी कसोटी त्यातच आहे. सेक्रेटरीने मागे दिलेले आश्वासन, मग ते गटार साफ करून घेण्याचे असो की थकबाकीदाराला नोटीस देण्याचे, ते ज्यांना दिले त्यांच्यासमोर पुन्हा वाचले जाते. नोंद चुकली असेल तर सभासद दुरुस्ती सुचवतात, आणि मगच ते इतिवृत्त कायम होते. बोललेल्या शब्दाची गाठ केलेल्या कामाशी घालणारी ही सवय अंगणाभोवतीच्या रचनेत अधिक धारदार होते, कारण सभा संपल्यावर प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच अंगणातून घरी जातात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. एखादे पद बिनपगारी आणि कटकटीचे असले की ते घ्यायला कोणी पुढे येत नाही. मग वर्षानुवर्षे एकाच व्यक्तीकडे फाइली, शिक्के आणि कार्यालयांतील ओळखी साठत जातात आणि माहितीच सत्ता होऊन बसते. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, नसल्याने तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने मोजक्या लोकांत उरकली, तर हिशेब चोख असूनही तो तपासणारे कान उरत नाहीत. म्हणूनच चारकोपसारख्या वसाहतीच्या इतिहासातून पुढाऱ्याच्या विश्वासार्हतेची जी व्याख्या हाती येते, ती त्याच्या सचोटीइतकीच इतरांच्या हजेरीवर अवलंबून आहे: इतिवृत्त वाचणारा सेक्रेटरी आणि ‘हे असे ठरले नव्हते’ म्हणून हात वर करणारा सभासद मिळूनच तो विश्वास घडवतात.