शपथ, शिक्षा आणि सवय : व्यसनमुक्तीच्या तीन वाटा

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावित्री नदी समुद्राला मिळते त्या परिसरात हरिहरेश्वर वसलेले आहे. येथे येणाऱ्या भाविकांची एक रीत आहे. प्रथम काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे आणि परतताना पुन्हा काळभैरवाचे. अशा देवस्थानांत, तशीच आपल्या चर्चमधल्या वेदीपुढे आणि क्रुसापुढे, पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य उच्चारले गेले आहे : ‘उद्यापासून थेंबाला शिवणार नाही’, किंवा ‘पुन्हा पत्त्याला हात लावणार नाही’. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असते आणि त्याचा शब्द त्या क्षणी खरा असतो. तरीही आठ-पंधरा दिवसांत तो मोडतो आणि घरचे म्हणतात, ‘हा आम्हांला फसवतो’.

खरोखर तो फसवत असतो काय? ह्या प्रश्नाला समाजाने निरनिराळ्या काळी तीन उत्तरे दिली. कोणी त्याच्याकडून शपथ घेतली, कोणी त्याला शिक्षा केली, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत काहींनी त्याची सवय तपासून तिच्यावर उपचार सुरू केले. ह्या तिन्ही वाटांचा इतिहास आपल्या किनाऱ्याशी आणि आपल्या ख्रिस्ती समाजाशीही जोडलेला आहे.

शपथेची वाट सर्वांत जुनी. वारकऱ्याने तुळशीची माळ घातली की मद्य-मांस सुटते. गावही ते मान्य करते आणि त्याला आग्रह करीत नाही. आपल्या परंपरेतील सर्वांत मोठे उदाहरण आयर्लंडचे. कॉर्क शहरातील कॅपुचिन धर्मगुरू फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ साली संपूर्ण मद्यत्यागाची चळवळ हाती घेतली आणि काही वर्षांतच लाखो लोकांनी त्यांच्यापुढे शपथ घेतली. पुढे १८४५ पासूनच्या भीषण दुष्काळाने देश उद्ध्वस्त केला, १८५६ साली फादर मॅथ्यू निवर्तले आणि चळवळीचा जोर ओसरला. माळेत व शपथेत मोठे बळ होते, कारण त्यांच्यामागे माणसांचा समूह उभा होता. परंतु दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, गुत्त्याच्या वळणावर पाय थबकले असता नेमके काय करावे, हे शपथ सांगत नव्हती. ती मोडली की लाज तेवढी उरे आणि लाजेवर उतारा म्हणून माणूस पुन्हा बाटलीकडेच वळे.

दुसरी वाट शिक्षेची. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळप, विक्री व ताडी ह्यांवर सरकारचा अंमल घट्ट झाला. १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांविषयी स्वतंत्र कायदा झाला आणि ही फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. (श्रीवर्धनचा मुलूख तेव्हा जंजिऱ्याच्या नबाबाकडे होता; तो १९४८ साली मुंबई राज्यात सामील झाला.) घरगुती गाळप गुन्हा ठरले, सरकारी ठेक्याची दारू मात्र कायदेशीर, तिच्यातून तिजोरी भरत होती. व्यसन कमी करणे हा ह्या कायद्यांचा मुख्य हेतू नव्हता.

तो हेतू पुढे काँग्रेसच्या राजवटीत आला. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यामागची तळमळ प्रामाणिक होती आणि दारूच्या दुकानाचे दार बंद झाल्याचा दिलासा कित्येक बायकांना मिळाला असेल. परंतु परळ-लालबागच्या चाळींना आणि कोकणातल्या वाड्यांना हातभट्टी लवकरच परिचयाची झाली. पुढे कायदा सैल होत गेला. बंदीने बाटली दूर झाली, पण पिणाऱ्याच्या मनातील ओढीला तिने हात घातला नाही.

जुगाराची कथाही अशीच. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा असतानाच न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील दरांवर मुंबईत आकडा लावला जात असे. ते दर येणे बंद झाल्यावर कल्याणजी भगत यांनी १९६२ साली वरळीत मटका सुरू केला; १९६४ साली रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका काढला. गिरणीतील कामगार हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड ह्या भागांतून मुंबईला गेलेल्या चाकरमान्याची मनीऑर्डर कधी उशिरा येई, कधी निम्मीच येई, आणि गावाकडे कारण कळायला वेळ लागत नसे.

मटक्याचा हिशोब साधा आहे. आकडे दहा, लागला तर मिळणारे पैसे सर्वसाधारणपणे नऊपट. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जातात आणि नऊ येतात. तिसरीतल्या मुलाला कळावे असे हे गणित तीस वर्षे खेळणाऱ्या माणसाला का कळू नये? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे सूक्त आहे. बायको दुरावली, सासू द्वेष करते, फाशांनी आपल्याला बुडवले हे त्याला पुरते कळते. फाशांचा आवाज ऐकताच तो पुन्हा तेथेच जातो. तेव्हा अज्ञान हे कारण नव्हे, हे तीन हजार वर्षांपूर्वीच्या कवीलाही ठाऊक होते.

कारणाचा एक धागा विसाव्या शतकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगशाळेत सापडला. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद होताच प्राणी थोड्याच वेळात कळ सोडतो. परंतु दाणा कधी मिळेल ह्याचा नेम नसेल, तर दाणे बंद झाल्यावरही तो कितीतरी वेळ दाबतच राहतो. बेभरवशाचे बक्षीस सवयीला सर्वांत चिवट करते. आकडा एका घराने हुकला की ‘आज जवळ आलो होतो’ असे वाटते आणि तो हुकलेला आकडाही बक्षिसासारखे काम करतो.

सवय शिकली जाते, म्हणून ती प्रयत्नाने उतरवताही येते, हा वर्तनोपचाराचा पाया. ह्या उपचाराचे आरंभीचे प्रयोग कठोर होते. मद्याबरोबर ओकारीचे औषध किंवा विजेचा झटका देऊन शिसारी निर्माण करण्याचा यत्न १९२० च्या दशकापासून झाला. तीही शिक्षाच होती, फक्त न्यायालयातून रुग्णालयात आलेली. पुढे दिशा बदलली. १९७३ साली हंट व ॲझरिन ह्या अमेरिकन संशोधकांनी दाखविले की मद्यपीला काम, कुटुंब आणि शुद्धीतले मित्र ह्यांचा आनंद परत मिळवून दिला, आणि तो आनंद न पिण्याशी जोडला, तर तो अधिक काळ मद्यापासून दूर राहतो. १९८५ साली ॲलन मार्लॅट व ज्युडिथ गॉर्डन यांनी पुन्हा घसरण्याच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. घसरण अचानक होत नाही. तिच्याआधी ठरावीक वेळ, वाट, सोबती, भांडण किंवा पगाराचा दिवस असतो. रुग्णाने ते टिपावेत आणि पर्याय आधीच ठरवून ठेवावा. पिण्याची ओढ ही लाटेसारखी असते असे मार्लॅट म्हणत : ती चढते, माथ्यावर येते आणि ओसरते, तिच्याशी झुंजण्यापेक्षा ती जाईपर्यंत तरंगत राहावे. हरिहरेश्वरच्या खडकांवर उभे राहून ज्याने भरती पाहिली आहे त्याला हे सांगण्याची गरज नाही.

जुगारासाठी ह्याच पद्धतीत थोडा बदल झाला. पैशाचे व्यवहार काही काळ घरच्या विश्वासू माणसाकडे द्यावयाचे, कर्जाची खरी यादी कागदावर मांडावयाची आणि ‘इतके दिवस आला नाही, आता येणारच’ हा भ्रम तपासावयाचा. नॅन्सी पेट्री यांनी २००६ साली २३१ जुगाऱ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. नुसते स्वमदत गटाकडे पाठविण्यापेक्षा आठ बैठकींच्या समुपदेशनाची जोड अधिक उपयोगी ठरली. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संहितेनेही जुगाराला मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसविले.

ह्या शास्त्राच्या बरोबरीने दुसरा एक प्रवाह वाहत होता. १९३५ साली अक्रन शहरात दोन मद्यपी एकमेकांना भेटले आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा जन्म झाला. त्यांना आधार देणाऱ्यांत आपली माणसे होती. १९३९ साली अक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी मद्यपींना दाखल करून घेण्यास आरंभ केला. त्या काळी अशा रुग्णांना रुग्णालये दारात उभे करीत नसत. बारा पायऱ्या आणि संत इग्नाती यांची आध्यात्मिक साधना ह्यांतील साम्य येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग यांच्या लक्षात आले. १९५७ साली ही संघटना भारतात पोहोचली. मुंबई महाधर्मप्रांताचे फादर ज्यो परेरा यांनी स्वतः मद्यासक्तीतून बाहेर पडल्यावर १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ‘कृपा’ संस्था सुरू केली आणि बारा पायऱ्यांना गुरुजी अय्यंगारांच्या योगाची जोड दिली. एका धर्मगुरूने ‘मीही त्यातलाच’ असे उघड म्हणणे, ह्याचे मोल आपल्या समाजात फार मोठे आहे.

१९८६ साली पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी दिली. तेव्हा गर्दचे संकट शहरांतून पसरत होते. पस्तीस दिवसांचा निवास, ठरलेली दिनचर्या, गटातील बोलणे, गाणे, श्रम आणि घरच्यांचा सहभाग, अशी तेथील रीत पडली. शास्त्राची परिभाषा न वापरताही दिवसाची जुनी घडी मोडून नवी बसविण्याचे काम तेथे चालले.

परंतु प्रत्येक गावाला मुक्तांगण कसे मिळणार? ह्याचे एक उत्तर शेजारच्या गोव्याने दिले. ‘संगाथ’ संस्थेच्या डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती, आणि बैठका चारच्या पुढे नव्हत्या. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले, इतरांपैकी २६ टक्क्यांचे. मागील चौदा दिवस मद्याला न शिवलेल्यांचे प्रमाण ४२ विरुद्ध १८ टक्के होते. हे आकडे चमत्काराचे नाहीत. निम्म्याहून अधिक माणसे तेथेही राहून गेली. तरी चार बैठकींत एवढे साधत असेल, तर आपल्या धर्मग्रामांच्या सभागृहांत काय होऊ शकेल याचा विचार करावासा वाटतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी तोडणे धोक्याचे असते. कंप, झटके, भ्रम सुरू होऊन जीवही जाऊ शकतो. पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच गेले पाहिजेत. सवयीचे काम त्यानंतरचे.

आता जुगार खिशात आला आहे. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली बंदीचा कायदा केला. १८८७ आणि १९४९ चा अनुभव जमेस धरला तर ह्या कायद्याकडून किती अपेक्षा करावी हे कळते. दार बंद करणे आवश्यक असेलही. पण आत अडकलेल्या मुलाचे काय, हा प्रश्न घराने आणि धर्मग्रामानेच सोडवायचा आहे.

आपल्या लग्नांत आणि फेस्तांत पेला आग्रहाने पुढे केला जातो, आणि त्याच पेल्याने ज्याचे घर मोडले त्याच्याविषयी मिस्सेनंतर आवारात कुजबुज होते. हा दुटप्पीपणा आपण सोडला, न पिणाऱ्याला आग्रह केला नाही आणि घसरलेल्याला ‘पुन्हा एकदा’ म्हणण्याची मुभा दिली, तर अर्धा उपचार तेथेच होईल. शपथ मोडलेला माणूस खोटे बोलला नव्हता. पुढची भरती आली तेव्हा त्याच्याजवळ कोणी नव्हते. हरिहरेश्वरचा भाविक परतताना पुन्हा काळभैरवापुढे उभा राहतो. एकदा दर्शन झाले म्हणून दुसऱ्यांदा त्याला कोणी अडवत नाही.