'कीबोर्डकडून ऑर्केस्ट्राकडे' : माझ्या एका चुकलेल्या प्रकरणाची गोष्ट

अजय-अतुल यांच्या ध्वनीवर मी प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा शीर्षक आधीच ठरलं होतं : 'कीबोर्डकडून ऑर्केस्ट्राकडे'. आधी सिंथेसायझरवर भागवणारे दोन भाऊ, शेवटी 'सैराट'साठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी. गाईडनी मसुदा वाचला आणि एवढंच विचारलं, "हे ऐकून लिहिलंयस की मुलाखती वाचून?"

खरं सांगायचं तर वाचून.

मग शिवाजी पेठेतल्या माझ्या खोलीत बसून सगळं क्रमानं ऐकलं. पहिला धक्का 'विश्वविनायक'नं दिला. हा तर त्यांचा सुरुवातीचा गणपतीच्या गाण्यांचा अल्बम. गायला शंकर महादेवन आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम. कोरस, भव्यता, एकावर एक चढत जाणारे थर, सगळं तिथंच आहे. म्हणजे मी ज्याला 'शेवटचा टप्पा' म्हणत होतो त्याची हौस पहिल्यापासून होती, साधनं मागाहून आली. हौस आणि साधन यांची गल्लत ही आपल्याकडच्या कालखंड पाडण्यातली नेहमीची खोड आहे. माझ्यातही ती होतीच.

मधली वर्षं तर माझ्या रेषेत बसतच नाहीत. 'जोगवा'त (2009) जोगत्यांच्या परंपरेचा ताल पुढे येतो, 'नटरंग'मध्ये (2010) ढोलकी. 'नटरंग'ची मूळ कादंबरी आपल्या कागलच्या आनंद यादवांची, हे कोल्हापूरकरांना सांगायची गरज नाही. आणि 'सैराट'मध्ये (2016) गाणी फक्त चार. त्यातच 'याड लागलं'मधला व्हायोलिनचा ताफा आहे आणि 'झिंगाट'चा नाचायला लावणारा ठेकाही. एकाच चित्रपटात दोन्ही टोकं असतील तर टप्पे पाडायचे कुठं?

तुलनेसाठी सगळ्यात कामाला आली ती एक जोडी. 'जत्रा'मधलं 'कोंबडी पळाली' आणि 2012 च्या 'अग्निपथ'मधलं 'चिकनी चमेली'. संगीतकार तेच, चाल तीच. संशोधनात अशी जोडी मिळणं म्हणजे लॉटरीच. मी आधी फक्त वाद्यं मोजत बसलो. बऱ्याच उशिरा कळलं की मोठा फरक गळ्यात आहे. मराठीत वैशाली सामंत आणि आनंद शिंदे, हिंदीत श्रेया घोषाल. आनंद शिंदे म्हणजे प्रल्हाद शिंदेंचे चिरंजीव. त्या आवाजामागे भीमगीतं आणि लोकगीतांच्या कॅसेटची अख्खी दुनिया उभी आहे. हिंदीत चाल गेली, ती दुनिया मागंच राहिली. वाद्यांच्या यादीत हे दिसत नाही. ध्वनीचा इतिहास लिहिताना गायक 'इतर माहिती'त टाकू नका.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर जर्मनीचा क्राफ्टवेर्क घ्या. इलेक्ट्रॉनिक पॉपचे हे जनक, पण त्यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर चक्क बासरी आहे. 1974 च्या 'आउटोबान'नंतर ते हळूहळू पूर्ण यंत्राकडे गेले. दिशा माझ्या शीर्षकाच्या बरोबर उलटी. तेव्हा यंत्राकडून माणसाकडे जाणं म्हणजे प्रगती, हे गृहीतक मी कुठून आणलं होतं?

शेवटचा घाव गल्लीनं घातला. एका रात्री निवृत्ती चौकाकडे वरात निघाली होती. खिडकी बंद, तरी डॉल्बीवर 'झिंगाट' ओळखू आलं. ओळखू आलं म्हणजे काय, तर काचा हादरत होत्या. भिंतीतून खर्ज आत येतो, वरचे स्वर बाहेरच अडतात. त्यामागून 'सैराट झालं जी' लागलं आणि लॉस एंजेलिसची व्हायोलिनं माझ्यापर्यंत पोचलीच नाहीत. मी स्टुडिओतला ध्वनी अभ्यासत होतो. पेठेनं ऐकलेला ध्वनी वेगळाच होता.

प्रकरण आता नव्यानं लिहितोय. शीर्षक खोडलंय, दुसरं अजून सुचलेलं नाही. वहीत मात्र प्रत्येक गाण्यापुढं एक नवा रकाना आखलाय : 'कुठं ऐकलं?'