रुग्णशय्येपाशी नीतिसल्ला : पात्रतेचा प्रश्न

कृत्रिम श्वसनयंत्र काढावे की नाही, यावर डॉक्टर आणि नातेवाईक यांच्यात एकमत होत नाही, तेव्हा अमेरिकेतील अनेक रुग्णालये वैद्यकीय नीतिसल्लागाराला पाचारण करतात. तो उपचार ठरवत नाही. रुग्णाची इच्छा काय होती याचा शोध घेतो, मतभेदाचे मूळ स्पष्ट करतो आणि कायदा व नीती यांच्या चौकटीत बसणारे पर्याय संबंधितांसमोर ठेवतो.

या कामासाठी लागणाऱ्या क्षमतांचा आराखडा तेथे १९९८ मध्ये तयार झाला. त्याची सुधारित आवृत्ती २०११ मध्ये, तर आचारसंहिता २०१४ मध्ये आली. ‘अमेरिकन सोसायटी फॉर बायोएथिक्स अँड ह्युमॅनिटीज’च्या पुढाकाराने प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली ती मात्र २०१८ मध्ये. तिला बसण्यासाठी पदवी आणि मागील चार वर्षांतील किमान ४०० तासांचा अनुभव लागतो. परीक्षा बहुपर्यायी आहे. शोकाकुल कुटुंबाशी बोलण्याचे कौशल्य त्यातून कसे कळणार, हा आक्षेप रास्तच म्हणावा लागेल.

भारतात औषधचाचण्यांवर देखरेख करणाऱ्या नीतिसमित्यांना नोंदणी बंधनकारक आहे. रुग्णशय्येपाशी सल्ला देणाऱ्यासाठी तशी व्यवस्था नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग प्रकरणाच्या २०११ मधील निकालाने अशा निर्णयासाठी उच्च न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याऐवजी वैद्यकीय मंडळांची पद्धत घालून दिली आणि २०२३ मध्ये ती सुलभ केली. मंडळांतील विषयतज्ज्ञांना किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. नीतिशास्त्राच्या प्रशिक्षणाची अट नाही. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे पाठ २०१९ च्या तुकडीपासून आले. त्या तुकडीतील डॉक्टर या मंडळांवर येण्यास अद्याप अवकाश आहे.