सैनिकाची लेक : जेमायमा बून

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध 1783 साली संपले. परंतु त्या युद्धातील सैनिकाची कन्या म्हणून निवृत्तिवेतन घेणारी अखेरची स्त्री निवर्तली ती 1911 साली. या लेकींपैकी कित्येकींनी वडिलांच्या मागोमाग पश्चिमेची अरण्ये तुडवून नव्या वसाहतींत संसार मांडले. इतिहासाने मात्र त्यांची दखल बहुधा ‘अमक्याची मुलगी’ एवढीच घेतली. जेमायमा बून ही त्यांतलीच एक.

जेमायमाचा जन्म 1762 चा. वडील डॅनिएल बून हे नामांकित शिकारी व वाटाडे, आणि पुढे स्वातंत्र्ययुद्धात स्थानिक सैन्यदलाचे अधिकारी. 1775 साली त्यांनी केंटकी नदीच्या काठी बून्सबरोची गढी वसविली व त्याच वर्षी कुटुंबाला तेथे आणले. ही भूमी निर्जन नव्हती. शॉनी व चेरोकी लोकांची ती पिढीजात शिकारीची राने होती. त्यामुळे पुढील संघर्ष अटळच होता.

14 जुलै 1776 रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अवघे दहा दिवस झाले असता, जेमायमा व कॅलवे कुटुंबातील दोन बहिणी होडीतून नदीवर गेल्या होत्या. तेथून शॉनी व चेरोकी योद्ध्यांनी त्यांना पळवून नेले. जेमायमा तेव्हा तेरा वर्षांची होती. मुलींनी धीर सोडला नाही. वाटेत फांद्या मोडीत, कपड्यांच्या चिंध्या टाकीत त्यांनी मागावर येणाऱ्यांसाठी खुणा ठेविल्या. तिसऱ्या दिवशी बून यांच्या तुकडीने त्यांची सुटका केली. फेनिमोर कूपर या कादंबरीकाराने 1826 साली या प्रसंगाचा आधार घेतला. आपल्याला पळवून नेणाऱ्यांनी वाईट वागविले नाही, असे जेमायमा पुढेही सांगे. हा तिचा प्रामाणिकपणा विसरता येत नाही.

तिची खरी कसोटी लागली ती 1778 साली. फेब्रुवारीत, मीठ तयार करण्यास गेलेल्या माणसांसह बून शॉनींच्या हाती सापडले. महिने लोटले, वार्ता येईना. ते मारले गेले असे समजून पत्नी रिबेका मुलांना घेऊन नॉर्थ कॅरोलिनात माहेरच्या माणसांकडे परतली. जेमायमा मात्र गेली नाही. आदल्या वर्षीच तिचा विवाह फ्लँडर्स कॅलवे याच्याशी झाला होता. ती पतीसह गढीतच राहिली. जून महिन्यात बून निसटले, चार दिवसांत सुमारे 160 मैल तुडवून आले, तेव्हा घरच्यांपैकी त्यांच्या स्वागताला होती ती एकटी जेमायमा.

सप्टेंबरात सुमारे चारशे योद्ध्यांनी गढीला वेढा घातला. आत लढण्याजोगी माणसे त्यांच्या मानाने मूठभरच होती. बायकांनी पुरुषी वेष चढवून शत्रूला संख्येचा भास करून दिला, असे सांगतात. तो वेढा अखेर उठला. युद्धाच्या इतिहासात ही लढाई बून यांच्या नावावर जमा आहे.

1799 साली बून परिवार मिसुरीच्या प्रदेशात गेला. तेव्हा तेथे स्पेनचा अंमल होता. तेथेही जेमायमाने पुन्हा नवे घर उभे केले. रिबेकाने 1813 साली याच लेकीच्या घरी डोळे मिटले. 1820 साली बून गेले व 1834 साली जेमायमाही. 1845 साली बून दांपत्याच्या अस्थी समारंभपूर्वक केंटकीच्या राजधानीत नेण्यात आल्या. जेमायमा मिसुरीच्या मातीतच राहिली.

परमुलखात वस्ती उभी राहते ती केवळ वाट शोधणाऱ्यामुळे नव्हे; सारे परत फिरले असता जो मागे थांबतो, त्याच्यामुळेही. आपल्यासारख्या दूरदेशी रुजलेल्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना अध्यक्ष-चिटणीसांची नामावली आपण आदराने छापतोच. त्याबरोबर ज्यांच्या पदराआड आपली भाषा व सणवार टिकले, त्या आजी-आईंची नावेही घरोघरी लिहून ठेवावीत. त्या केवळ ‘अमक्याची पत्नी’ म्हणून विस्मरणात जाऊ नयेत, एवढीच इच्छा.